घरच्या बोलीची शब्दसूची वर्डमध्ये कशी मांडावी?

बडोदा संस्थानाने 1931 साली राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा बहुभाषी कोश काढला. आपल्या घरांतले शब्द मात्र कुठे नोंदलेले नसतात. आजीबरोबर तेही जातात. म्हणून आम्ही सभासदांना ते टिपून ठेवायला सांगतो. मांडणी अशी करावी:

1. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमधला मजकूर अकारविल्हे लागत नाही.
2. तीन रकान्यांचे टेबल घ्यावे: शब्द, अर्थ, वापराचे वाक्य. एका ओळीत एकच शब्द.
3. शब्द ठळक ठेवावा. ‘रिपीट हेडर रोज’ निवडल्यास मथळा प्रत्येक पानावर येतो.
4. सर्व शब्द भरून झाल्यावर ‘सॉर्ट’ करावे. ‘हेडर रो’ची खूण विसरू नये.
5. लागलेला क्रम तपासावा. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो, मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर. त्यामुळे ‘काळजी’ ही ‘कावड’च्या आधी आली असेल, तर ती ‘काहूर’नंतर हलवावी. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे ‘क’, ‘ज’मध्ये घ्यायचे की शेवटी, हे आधीच ठरवावे.

क्रम चुकला तर नातवंडांना शब्द सापडणार नाही, आणि न सापडलेला शब्द हरवल्यासारखाच.