एकट्याचे मासिक आणि लेखकाची भाकर

१/ जानेवारी १८७४. पुण्यातील सरकारी हायस्कुलात शिकवणाऱ्या २३ वर्षांच्या एका शिक्षकाने मासिक काढले. संपादक तोच आणि जवळजवळ प्रत्येक ओळीचा लेखकही तोच. त्याचे नाव विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मासिकाचे नाव ‘निबंधमाला’. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले.

२/ भाषाशुद्धी, इतिहास, वक्तृत्व, लोकभ्रम, मोरोपंतांची कविता. एकाच माणसाला जे जे सांगावेसे वाटले ते सारे मालेत आले. मात्र प्रत्येक अंकामागे एक रोकडा प्रश्न उभा होता. अशा लेखणीवर पोट भरते काय? भरत नसेल, तर लिहिणाऱ्याला पोसायचे कोणी?

३/ हा प्रश्न पुण्यात नवा असला, तरी लंडनमध्ये तो दीडशे वर्षांपूर्वीच उपस्थित झाला होता. १ मार्च १७११ रोजी ॲडिसन आणि स्टील यांनी ‘स्पेक्टेटर’ हे निबंधपत्र सुरू केले. रविवार वगळता ते रोज निघे. किंमत एक पेनी. विक्रीला जाहिरातींची जोड होती, आणि जुन्या अंकांचे बांधीव खंडही खपत.

४/ पण ऑगस्ट १७१२ मध्ये सरकारने छापील पत्रांवर मुद्रांक-कर बसवला. ‘स्पेक्टेटर’ची किंमत दुप्पट झाली, अनेक लहान पत्रे बंद पडली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ५५५ व्या अंकानंतर ‘स्पेक्टेटर’ही थांबले. लेखणीच्या उत्पन्नाची सूत्रे लेखकाच्या हाती नसतात, हे तेव्हाच दिसून आले.

५/ पुढे आला सॅम्युएल जॉन्सन. १७५० ते १७५२ या दोन वर्षांत त्याने ‘रॅम्बलर’चे २०८ अंक काढले. मंगळवारी आणि शनिवारी, प्रकृती कशीही असो, निबंध छापखान्यात पोहोचवावा लागे. मोजके अपवाद सोडता सारे लेखन त्याचेच. मोबदला ठरलेला होता : दर अंकास दोन गिनी.

६/ सुट्या अंकांचा खप ५०० प्रतींच्याही आतच राहिला. पुढे पुस्तकरूपाने मात्र त्याच निबंधांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. लेखनाचे मोल वाचकांना कळेपर्यंत लेखकाने दिवस काढायचे कसे, ही अडचण मात्र तशीच उरली.

७/ १७५५ मध्ये जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. काम अडलेले असताना वाऱ्यावर सोडणारे आणि ते तडीस जाताच कौतुकास पुढे आलेले आश्रयदाते लॉर्ड चेस्टरफील्ड यांना त्याने पत्र लिहून झिडकारले. पुढच्याच वर्षी सहा पौंडांहूनही कमी कर्जापायी त्याला अटक झाली. कादंबरीकार रिचर्डसन याने पैसे पाठवले तेव्हा सुटका झाली.

८/ १७५९ मध्ये आईच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी त्याने घाईघाईने ‘रासेलस’ ही कथा लिहिली. ज्या जॉन्सनने आपल्या कोशात ‘पेन्शन’ या शब्दाची टवाळी केली होती, त्यानेच १७६२ मध्ये राजाकडून वर्षाला ३०० पौंडांचे पेन्शन स्वीकारले. टीका झाली, पण अन्नाची विवंचना मिटली.

९/ याच ‘रासेलस’चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभले आणि त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री यांनी पूर्ण केले. ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनचे चरित्रही लिहिले. एकट्याने लिहिणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे त्यांना ठाऊक होते.

१०/ शिवाय घरचा अनुभवही होता. वडिलांपाठोपाठ ते ‘शालापत्रक’ हे मासिक चालवीत. त्यातील टीका सरकारला रुचली नाही आणि १८७५ मध्ये ते बंद झाले. सरकारी पगारावर जगणाऱ्या लेखणीची धाव कुठवर, याचा हा धडा होता. पुढे त्यांची बदली रत्नागिरीस झाली. मित्र आणि छापखाना पुण्यात राहिले.

११/ १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. मासिकाच्या वर्गणीवर संसार चालावा अशी स्थिती नव्हती. वाचणारा वर्ग लहान, आणि वर्गणी थकवणे हे मराठी नियतकालिकांचे जुने दुखणे. म्हणून विष्णुशास्त्र्यांनी लेखणीभोवती दुसरे आधार उभे केले.

१२/ ‘चित्रशाळा’ हा चित्रे छापणारा छापखाना, ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकान, ‘आर्यभूषण’ मुद्रणालय. १ जानेवारी १८८० रोजी टिळक आणि नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’. शाळा, छापखाना आणि दुकान एकमेकांना तोलून धरणार होते.

१३/ मालेच्या अखेरच्या अंकांतील ‘आमच्या देशाची स्थिती’ हा दीर्घ निबंध याच काळातला. इंग्रजी राज्यावरील इतकी उघड टीका सरकारी शिक्षकाला झेपली नसती. पुढे या निबंधावर सरकारने बंदी घातली.

१४/ या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालेतून विष्णुशास्त्र्यांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाची अत्यंत कठोर आणि अन्यायकारक टर उडवली. ज्यांच्यापाशी पिढीजात विद्या नव्हती, त्यांना तर स्वतःचे पत्र चालवणे कितीतरी अवघड होते.

१५/ सत्यशोधक कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात पदरमोड करून ‘दीनबंधू’ काढले. आर्थिक ओढाताण असह्य झाली, तेव्हा ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती गेले आणि तिथे गिरणी कामगारांचा आवाज बनले. भांडवल तुटपुंजे असले, तर पत्र टिकायला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा लागतोच.

१६/ विष्णुशास्त्री १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी गेले. उभारलेल्या संस्थांचे फळ उपभोगायला ते उरले नाहीत. ‘केसरी’ मात्र टिकला आणि न्यू इंग्लिश स्कूलही.

१७/ ॲडिसनला खंडांची विक्री आणि जाहिराती, जॉन्सनला पुस्तकविक्रेते आणि शेवटी राजा, भालेकरांना लोखंडे, चिपळूणकरांना शाळा आणि छापखाना. निव्वळ लेखनावर यांपैकी कोणाचेच पत्र दीर्घकाळ उभे राहिले नाही. म्हणूनच एखादे जुने मासिक हाती आले, तर लेखाबरोबर त्याच्या पाठीमागचे पान, त्यावरील वर्गणीचे दर आणि छापखान्याचे नाव हेही वाचावे. लेखक किती मोकळा होता, याचा अर्धा इतिहास तिथे छापलेला असतो.