मेघदूताचं कूळ छापखान्यातलं

2022 साली मध्य रेल्वेने हवेतून पाणी काढणारी 17 ‘मेघदूत’ यंत्रं मंजूर केली. सीएसएमटी आणि दादरला पाच-पाच, ठाण्याला चार आणि कुर्ला, घाटकोपर, विक्रोळीला एकेक. बनवणारी कंपनी हैदराबादची मैत्री ॲक्वाटेक, मदतीला तिथलीच आयआयसीटी ही सरकारी प्रयोगशाळा. बाटली आपली असेल तर तेव्हाचा दर लिटरला बारा रुपये. नाव कालिदासाकडून घेतलं असलं, तरी या यंत्राचं घराणं ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यातलं आहे.

हवेतून पाणी काढू पाहणाऱ्यांची भिस्त मात्र बराच काळ दगडांवर होती. क्रिमियात फिओदोसियाजवळ झिबोल्ड नावाच्या वनाधिकाऱ्याला दगडांचे प्राचीन ढीग सापडले. जुनी ग्रीक नगरी यांवर जमणारं दवच पीत असणार, असं त्याने ठरवून टाकलं आणि 1912 मध्ये स्वतः गोट्यांचा ढीग रचला. जुने ढीग पुढे थडगी निघाले. गंमत म्हणजे झिबोल्डच्या ढिगाने पाणी दिलं. तळाला गळती लागून प्रयोग थांबला. आशिल क्नापेन या बेल्जियन इंजिनिअरने 1930च्या सुमारास फ्रान्समध्ये जाड भिंतींचा बुरूज बांधला. तो जवळपास कोरडाच राहिला, कारण एवढा दगड एका रात्रीत पुरेसा गार होत नाही.

छापखान्यातल्या लोकांना पाणी नकोच होतं. दमट हवेत कागद फुगायचा आणि छपाईचे चार रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. 1902 मध्ये विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने त्यावर तोड काढली: हवा थंड नळ्यांवरून न्यायची, म्हणजे तिच्यातली वाफ नळ्यांवरच पाणी होऊन उतरते. यातून एअर कंडिशनर जन्मला. नको असलेलं ते पाणी आजही एसीच्या पाइपातून खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर ठिबकतं. मेघदूत तेच पाणी गोळा करतो, गाळतो, त्यात क्षार घालतो. हवा आधीच गाळून घेतलेली असते.

कच्चा माल आपल्याकडे भरपूर. डोंबिवलीच्या दहा बाय दहाच्या खोलीत पावसाळ्यात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी नुसतं वाफेच्या रूपात असतं. ते सगळं हाती येत नाही. लिटरभर पाण्यासाठी सत्तरेक घनमीटर दमट हवा ओढावी लागते. वाफेचं पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता हटवायला लिटरमागे साधारण पाव ते अर्धा युनिट वीज जाते. शिवाय यंत्राला भरघोस पाणी मिळतं ते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे डोंबिवलीकडे पाणी पुरवणारं बारवी धरण भरत असतं तेव्हा.

म्हणून फलाटावर तहानलेल्यासाठी हे यंत्र मला पटतं, टंचाईवरचा उपाय म्हणून नाही. दिवसाला हजार लिटर काढणारं यंत्र हजार प्रवाशांच्या बाटल्या भरू शकेल. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. त्या हिशोबाने हे पाणी सात जणांना पुरतं.