वर्गातला आवाज कानापर्यंत पोहोचवताना : कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी बिनतारी श्रवणप्रणाली

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड आणि टिटवाळा यांच्यामध्ये आंबिवली स्थानक आहे. लोकल गाड्यांखेरीज नाशिककडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही दिवसभर येथून धावत असतात. अशा मार्गालगतच्या वर्गात गाडी धडधडत गेली की शिक्षकांचे वाक्य अर्धवट ऐकू येते. ऐकू येणारी मुले संदर्भावरून ते पूर्ण करून घेतात. श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला मात्र ते जमत नाही. गाडी निघून गेली, तरी पंख्यांची घरघर, बाकांची ओढाताण, शेजारच्या वर्गातील पाढे आणि पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारी सर यांतून शिक्षकांचा आवाज वेगळा काढणे हे त्याच्यासाठी दिवसभराचे कष्टाचे काम असते. हे काम सुकर करण्यासाठी जी साधने वापरली जातात, त्यांना बिनतारी श्रवणप्रणाली असे म्हणतात. ही साधने म्हणजे काय, ती कशी चालतात आणि पालक व शिक्षकांनी कोणती काळजी घ्यावी, याचा हा आढावा.

श्रवणयंत्र असूनही ऐकू का येत नाही?

मुलाच्या कानाला यंत्र लावले म्हणजे प्रश्न सुटला, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात श्रवणयंत्र हा चष्मा नव्हे. ते आवाज मोठा करते. परंतु शिक्षकांच्या आवाजाबरोबर खोलीतील गोंगाटही मोठा होतो. आधुनिक डिजिटल यंत्रे गोंगाट काही प्रमाणात कमी करतात, तरीही बोलणारी व्यक्ती एक-दोन मीटरच्या आत असेल, तेव्हाच त्यांचा उत्तम उपयोग होतो.

यामागे अंतराचे साधे गणित आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने घटते. शिक्षकांपासून एक मीटरवर जो आवाज मिळतो, तो चार मीटरवर सुमारे १२ आणि आठ मीटरवर सुमारे १८ डेसिबलने कमी होतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही घट थोडी कमी भासते. पण तोच प्रतिध्वनी शब्दांच्या कडा पुसट करतो. गोंगाट मात्र मागच्या बाकावरही तेवढाच राहतो. कर्णबधिर मुलाला बोलणे नीट कळावे यासाठी शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वरचढ असावा, असे तज्ज्ञ मानतात. अमेरिकेत २००२ साली वर्गखोल्यांच्या ध्वनिगुणवत्तेचे मानक ठरवण्यात आले. त्यात लहान वर्गखोलीतील रिकाम्या वेळचा गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा आणि प्रतिध्वनी ०.६ सेकंदांत विरावा, अशी अपेक्षा आहे. उघड्या खिडक्या, सिमेंटच्या भिंती आणि फरशी असलेल्या आपल्या वर्गांना ही मर्यादा गाठणे कठीण आहे.

मराठीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. भाषेतील स्वरांमध्ये जोर अधिक असतो, तर शब्दांचा अर्थ ठरवणाऱ्या अनेक व्यंजनांमध्ये तो फार कमी असतो. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘ताट’ आणि ‘थाट’ या जोड्यांतील फरक क्षीण आवाजात सहज हरवतो आणि ओठांच्या हालचालींवरूनही तो ओळखता येत नाही. गणिताच्या तासाला ‘सात’ऐवजी ‘साठ’ ऐकणाऱ्या मुलाचे उत्तर चुकते. त्याला गणित येत नाही, असा शेरा पडतो. मूळ चूक कानाशी झालेली असते.

प्रणाली चालते कशी?

बिनतारी प्रणालीची कल्पना अगदी सरळ आहे. मूल शिक्षकांच्या जवळ नेता येत नसेल, तर त्याचा ‘कान’ शिक्षकांच्या तोंडाजवळ न्यायचा. शिक्षक छातीवर किंवा गळ्यात एक छोटा मायक्रोफोन लावतात. तोंडापासून त्याचे अंतर साधारण १५ ते २० सेंटिमीटर असते. एक मीटरवरील आवाजाच्या तुलनेत १५ सेंटिमीटरवर आवाज सुमारे १६ डेसिबलने अधिक मिळतो. मायक्रोफोनला जोडलेला प्रक्षेपक हा आवाज रेडिओलहरींद्वारे पाठवतो. मुलाच्या श्रवणयंत्राला किंवा कॉक्लिअर इम्प्लांटच्या बाह्य यंत्राला जोडलेला ग्राहक तो पकडतो आणि थेट यंत्रात उतरवतो. शिक्षक फळ्याजवळ असोत वा खिडकीशी, मुलाला त्यांचा आवाज हातभर अंतरावरून आल्यासारखा ऐकू येतो.

चार प्रमुख प्रकार

१) एफएम आणि डिजिटल रेडिओ प्रणाली : अनेक वर्षे वर्गांमध्ये एफएम तंत्र वापरले गेले. यात दोन शेजारच्या वर्गांना वेगवेगळ्या वाहिन्या द्याव्या लागतात. अन्यथा पाचवीतल्या मुलाला सहावीचा इतिहास ऐकू येतो. पुढे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील डिजिटल प्रणाली आल्या. फोनाक कंपनीची २०१३ मधील ‘रॉजर’ हे त्याचे परिचित उदाहरण. हा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त करण्यात आला.

२) इंडक्शन लूप : खोलीभोवती तारेचे वेटोळे टाकून त्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह सोडला जातो. श्रवणयंत्रात ‘टी’ अक्षराने दर्शवलेली टेलिकॉइलची सोय असेल, तर ते यंत्र चुंबकीय क्षेत्रातून आवाज उचलते. या तंत्राचे पहिले पेटंट १९३७ साली ब्रिटनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांना मिळाले. प्रत्येक मुलाला स्वतंत्र ग्राहक लागत नाही, हा याचा मोठा फायदा. मात्र विजेच्या तारा, जुने चोक आणि अन्य उपकरणांमुळे यात गुणगुण येऊ शकते. विद्युतीकरण झालेल्या लोहमार्गालगतच्या शाळेने तर आधी चाचणी घेतल्याशिवाय हा खर्च करू नये.

३) इन्फ्रारेड प्रणाली : यात आवाज अदृश्य प्रकाशकिरणांतून जातो. किरण भिंतीपलीकडे जात नसल्याने शेजारच्या वर्गाशी गोंधळ होत नाही. परंतु प्रखर सूर्यप्रकाशात ती नीट चालत नाही.

४) साउंड फील्ड : शिक्षकांचा आवाज वर्गातील ध्वनिवर्धकांतून सर्वत्र समान पोहोचवला जातो. सर्दीमुळे तात्पुरते कमी ऐकू येणाऱ्या मुलांनाही त्याचा लाभ होतो आणि शिक्षकांच्या घशावरील ताण कमी होतो. तीव्र कर्णबधिरत्व असलेल्या मुलाला मात्र एवढे पुरत नाही.

याखेरीज २०२२ साली ब्लूटूथवर आधारित ‘ऑराकास्ट’ हे सार्वजनिक प्रक्षेपणाचे तंत्र जाहीर झाले. त्याचा स्वीकार करणारी श्रवणयंत्रे बाजारात येऊ लागली आहेत. जुन्या यंत्रांना ते चालत नाही.

विशेष शाळा ते शेजारची शाळा

कर्णबधिरांच्या शिक्षणाची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. भारतातील पहिली कर्णबधिर शाळा १८८० च्या दशकात मुंबईतच सुरू झाली आणि माझगावात ती वाढली. विशेष शाळांमध्ये पुढे समूह श्रवणयंत्रे आली. बाकांना वायरने जोडलेले हेडफोन कानाला लावून मुले एकत्र ऐकत. मुलाला जागेवरून उठता येत नसे, ही त्यातील उणीव बिनतारी तंत्राने दूर केली.

आज चित्र आणखी बदलले आहे. अनेक कर्णबधिर मुले घराजवळच्या सामान्य शाळेत शिकतात. विशेष शाळेत वर्ग लहान असतो आणि शिक्षक प्रशिक्षित असतात. सामान्य शाळेच्या मोठ्या पटाच्या वर्गात असे मूल बहुधा एकटेच असते. म्हणूनच बिनतारी प्रणालीची सर्वाधिक गरज तेथेच भासते आणि नेमकी तेथेच ती क्वचित आढळते.

शिक्षकांचा वाटा

यंत्र आणले आणि कपाटात राहिले, तर त्याचा उपयोग शून्य. वापरातील काही पथ्ये मात्र सोपी आहेत. मायक्रोफोन साडीच्या पदराला, ओढणीला किंवा मंगळसूत्राला घासू देऊ नये. ती खरखर मुलाच्या कानात थेट जाते. एखाद्या मुलाने उत्तर दिले, तर शिक्षकांनी ते मायक्रोफोनवर पुन्हा म्हणावे किंवा मायक्रोफोन त्या मुलाच्या हाती द्यावा. गटकार्याच्या वेळी तो बंद ठेवावा. वर्गाबाहेर जाताना तो बंद करण्यास विसरल्यास शिक्षक-कक्षातील गप्पाही विद्यार्थ्याला ऐकू जातात.

रोज सकाळी प्रणाली तपासण्यासाठी डॅनियल लिंग यांनी सुचवलेली सहा ध्वनींची चाचणी जगभर वापरली जाते. शिक्षकांनी तोंड झाकून ‘आ, ऊ, ई, म, श, स’ हे ध्वनी एकेक करून उच्चारायचे आणि मुलाने ते परत म्हणायचे. यास दोन मिनिटेही लागत नाहीत. काल ऐकू आलेला ‘स’ आज ऐकू आला नाही, तर बॅटरी, साचा किंवा कान यांपैकी काहीतरी बिघडले आहे, हे लगेच कळते.

कोकणपट्टीच्या दमट हवेत देखभालीला विशेष महत्त्व आहे. घाम आणि ओल यांमुळे यंत्रे बिघडतात. रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे, जादा बॅटऱ्या दप्तरात असाव्यात आणि वाढत्या वयाच्या मुलाचा कानातील साचा वेळोवेळी बदलावा.

खर्च कोणाचा, हक्क कोणता?

खरा अडथळा खर्चाचा आहे. प्रक्षेपक व ग्राहक यांची किंमत अनेकदा श्रवणयंत्राइतकीच भरते. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्रे मिळतात. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. एका मुलासाठी बिनतारी प्रणाली घ्यायची झाल्यास ही रक्कम अपुरी पडते. म्हणून शाळा, पालक आणि दाते यांना एकत्र यावे लागते.

तथापि हा केवळ दानाचा विषय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक श्रवणऱ्हास असलेल्या व्यक्तीस कर्णबधिर, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेल्या व्यक्तीस श्रवणक्षीण मानले जाते. शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गरजेनुसार वाजवी सुविधा द्याव्यात, असे हाच कायदा सांगतो. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाला शेजारच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकारही त्यात आहे.

आंबिवली-मोहने परिसर कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत येतो. पालकांनी प्रथम वैश्विक ओळखपत्र अर्थात यूडीआयडी काढून घ्यावे आणि शाळेमार्फत समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांकडे लेखी मागणी नोंदवावी. श्रवणतपासणी व सल्ल्यासाठी वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही १९८३ पासून कार्यरत असलेली केंद्र सरकारची संस्था आहे. आंबिवलीहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेने तेथे जाता येते. मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयातही श्रवण व वाचा उपचार विभाग आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी मुलाच्या श्रवणयंत्राला कोणता ग्राहक जुळतो, हे श्रवणतज्ज्ञांकडून तपासून घेणे अत्यावश्यक आहे. अन्यथा पैसे वाया जातात.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात

ज्या मुलाची उरलेली श्रवणशक्ती अत्यल्प आहे, त्याला या प्रणालीने फारसे साध्य होत नाही. अशा मुलाला भारतीय सांकेतिक भाषेतून शिकण्याची संधी मिळाली पाहिजे. मायक्रोफोन आहे म्हणून खाणाखुणा नकोत, असा आग्रह धरणे मुलावर अन्याय करणारे ठरेल. फळ्याकडे तोंड करून न बोलणे, चेहऱ्यावर पुरेसा उजेड असणे, महत्त्वाचे मुद्दे लिहून देणे आणि मुलाला पुढच्या बाकावर बसवणे या बिनखर्चाच्या गोष्टी यंत्र असो वा नसो, करायलाच हव्यात.

कमी ऐकू येणारे मूल बहुधा तक्रार करत नाही. ते शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहिते, सगळे हसले की हसते आणि विचारले तर ‘कळले’ म्हणून मान डोलावते. त्याचे मागे पडणे प्रगतिपुस्तकात दिसेपर्यंत वर्षे निघून गेलेली असतात. वर्गात असे मूल असेल, तर त्याला ‘कळले का?’ असे न विचारता ‘मी काय म्हणाले ते सांग’ असे विचारावे. त्याच्या उत्तरावरून प्रणालीची गरज आहे की नाही, हे शिक्षकांच्या लक्षात येईल.