कुडाचे कूळ

मुळशीकडच्या नव्या घरांत सध्या कारवी दिसू लागली आहे. कुठे बैठकीच्या खोलीत आडोसा म्हणून, कुठे छताखाली ओळीने, कुठे दोन खोल्यांमधल्या भिंतीत मातीने लिंपून. वास्तुकारांच्या आराखड्यात या प्रकाराला 'वॅटल अँड डॉब' असे नाव असते. ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीत त्याच वस्तूला कूड म्हणतात. वस्तू घरात आली आणि तिचे नाव मात्र उंबऱ्याबाहेर राहिले, म्हणून त्या नावाच्या मागे जावेसे वाटले.

कूड हा संस्कृत 'कुड्य'चा थेट वंशज दिसतो. प्राकृतात 'कुड्ड', आणि जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर दीर्घ होऊन मराठीत 'कूड'. वाट सरळ आहे, घोटाळा अर्थाचा आहे. संस्कृतात कुड्य म्हणजे कोणतीही भिंत. अमरकोश भित्ति आणि कुड्य हे दोन शब्द शेजारी शेजारी, पर्याय म्हणूनच देतो. मराठीत आल्यावर मात्र त्यांची वाटणी झाली. भित्तीची झाली 'भिंत' आणि तिने दगड, विटा, माती सगळे घेतले. कुडाच्या वाट्याला काटक्या आणि शेणमाती आली.

गंमत अशी, की मुळात हे उलटे असायला हवे होते. भित्ति हा शब्द 'भिद्', म्हणजे फोडणे, चिरणे या धातूपासून आला आहे. त्याच्या जुन्या अर्थांत चिरलेल्या बोरूची किंवा वेताची चटई हाही एक अर्थ कोशकार नोंदवतात. म्हणजे बांबू चिरायचा, त्याच्या कामट्या विणायच्या, तो तट्ट्या उभा करायचा. ती पहिली भित्ति असावी. काळ्या दगडाच्या तटाला आज आपण जो शब्द लावतो, तो एके काळी तट्ट्याचा होता. जर्मन भाषेतही तसेच दिसते. तिथला भिंतीचा 'वांड' हा शब्द वळणे, गुंडाळणे या अर्थाच्या 'विंडेन' या क्रियापदाचा सोयरा आहे. डहाळ्या वळून विणलेली ती वांड. दोन दूरच्या मुलुखांतल्या माणसांनी भिंत आधी विणली आणि मग रचली, असे शब्दांवरून तरी वाटते.

कुड्यच्या आधी काय असावे? संस्कृत धातूंतून त्याचा नीट उलगडा होत नाही. कानडीत भिंतीला 'गोडे' म्हणतात, तेलुगूत 'गोड'. सोलापूर-अक्कलकोटच्या वाचकांना हे सांगायला नको. कुड्यचे नाते तिकडे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि मला ते पटते. घर बांधणाऱ्या हातांबरोबर हा शब्द दक्षिणेतून संस्कृतात शिरला असावा.

इथे आणखी एक शब्द मध्ये येतो, तो म्हणजे 'कुडी'. 'कुडीत प्राण आहे तोवर' म्हणताना आपल्याला शरीर अभिप्रेत असते, पण शब्द मूळचा 'कुटी', प्राकृतात 'कुडी', म्हणजे झोपडी. कूड आणि कुडी सख्खी भावंडे दिसतात, पण व्युत्पत्तीने ती नाहीत. एकाचा बाप कुड्य, दुसरीची आई कुटी. तरी कुटीचाही माग तमिळ 'कुडि' म्हणजे घर, वस्ती, इथवर लावतात. तेव्हा फार मागे गेल्यावर दोघे एकाच अंगणात सापडणारच नाहीत, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

शरीर आणि भिंत यांची ही जवळीक फारसीतून पाहिली की जास्तच चकित करते. फारसी 'दीवार' हा शब्द जुन्या इराणीतल्या 'दिदा' म्हणजे तट, गढी याच्याशी जोडतात, आणि त्याच्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतात 'दिह्', म्हणजे लिंपणे. त्यापासून आपला 'देह' आला. ऋग्वेदात 'देही' म्हणजे मातीचा बांध, तटबंदी. अवेस्तात 'पइरि-दएझ' म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा. तो शब्द ग्रीकांकडे गेला, अरबीत 'फिर्दौस' होऊन स्वर्ग झाला. देह, दीवार आणि स्वर्गाची बाग या तिन्हींच्या मुळाशी लिंपण्याची एकच क्रिया आहे. शेणकाल्यात हात घालून कूड लिंपणाऱ्या बाईच्या हातात किती जुना धातू आहे!

दीवार मराठीत स्वतंत्रपणे फारशी रुळली नाही, पण वाड्यातल्या 'दिवालगिरी'त ती टिकली. यातला 'गीर' म्हणजे धरणारा, संस्कृत 'ग्रभ्'-'ग्रह्'चा इराणी भाऊ. जहागिरीतला आणि गिरफ्तारीतलाही तोच. आज दुकानात 'वॉल लाइट' मागावा लागतो. दिवालगिरी मागून पाहावी असे मला फार वाटते.

आता 'डॉब'. हा लॅटिन 'देआल्बारे'पासून आला, म्हणजे पांढरे करणे. आपल्याकडे गावठाणाच्या मातीलाच 'पांढरी' म्हणतात. काळीत पिकवायचे आणि पांढरीवर राहायचे. इंग्रजांची भिंत चुन्याने पांढरी झाली, आपली वस्ती मुळात पांढरीवरच उभी.

'कारवी'नेही चकवले. अमरकोशात कारवी आहे, पण ती कलौंजीच्या नावांत. आठ वर्षांनी एकदा फुलणारी सह्याद्रीची कारवी ती नव्हे. इथे नुसते नामसाम्य असावे.

पौडजवळच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. ते 1997 साली सुरू झाले. अमेरिकेत जन्मलेले आणि पुण्याचे होऊन गेलेले वास्तुकार ख्रिस्तोफर बेनिंजर (1942–2024) यांची ही रचना. तिथल्या भिंती याच मुलुखातल्या काळ्या दगडाच्या. त्या पाहताना मला पुन्हा 'भिद्' आठवला. दगडही खाणीतून फोडूनच काढावा लागतो, पाथरवटाची छिन्नी चिरतेच. व्युत्पत्तीला हा पुरावा चालणार नाही, पण बेनिंजरांच्या दगडी भिंतीला भिंत हा शब्द दोन्ही अर्थांनी शोभतो, असे वाटून गेले.

अमरकोशाच्या त्याच ओळीत कुड्यच्या मागोमाग 'एडूक' नावाची एक भिंत येते: जिच्या आत हाडे घातली आहेत ती. महाभारतातले एडूक म्हणजे बौद्ध स्तूप असावेत, असे अभ्यासक मानतात. तिथे हाडे म्हणजे अस्थी. पण लिंपण गळलेला एखादा जुना कूड पाहिला, आतल्या कारवीच्या फासळ्या दिसल्या, की या शब्दाचा दुसराही एक अर्थ कुणाच्या मनात असेल का, हा प्रश्न सुटत नाही.

म्हण मात्र स्वच्छ आहे. 'कुडास कान, ठेवी ध्यान.' कान कुडाला आहेत, भिंतीला नव्हेत, कारण कुडातून पलीकडचे खरोखरच ऐकू येते. नव्या घरांत असा आडोसा घालणाऱ्यांनी ही म्हण आधी ऐकावी. सुतार त्याला 'कारवीचं पॅनेल' म्हणतात. पॅनेल हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन 'पान्नुस'कडे जातो, आणि पान्नुस म्हणजे कापड, विणलेले.