ओर्व्हिएतोची विहीर

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाणाऱ्या आगगाडींतून तास-सव्वातासाच्या प्रवासानंतर डाव्या हातास एक विलक्षण देखावा दिसूं लागतो. पाल्या नदीच्या खोऱ्यांतून एक प्रचंड खडक एकदम वर उठलेला आहे. त्याच्या बाजू तासून काढल्याप्रमाणें उभ्या आहेत, माथा सपाट आहे, आणि त्या माथ्यावर एक संपूर्ण शहर वसलेलें आहे. हेंच ओर्व्हिएतो. सकाळीं रोमहून निघून सायंकाळीं परतणाऱ्या प्रवाशाला तें एका दिवसांत पाहतां येतें. त्याचा इतिहास मात्र अडीच हजार वर्षांहून अधिक आहे. त्या इतिहासाचें बरेंचसें मर्म एका साध्या प्रश्नांत सांपडतें: एवढ्या उंच खडकावर माणसांनीं पाणी कोठून आणलें?

हा खडक ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला, म्हणून पोखरण्यास मऊ. एट्रुस्कन लोकांनीं त्यांत विहिरी आणि टाकीं खोदलीं. त्यांचें वेल्झ्ना नगर तें हेंच, असें बहुतेक विद्वान मानतात. कडा दुर्गम खरा; परंतु नगरांत उमराव आणि एके काळचे गुलाम यांच्यांत कलह माजला, उमरावांनीं रोमला साहाय्यार्थ बोलाविलें, आणि इ. स. पूर्वीं २६४ मध्यें रोमन सैन्यानें नगर उद्ध्वस्त केलें. जे वांचले त्यांना बोल्सेना सरोवराच्या कांठीं नेऊन वसविण्यांत आलें.

मध्ययुगांत शहर पुन्हां भरभराटलें. १२९० सालीं येथील भव्य मंदिराचा पाया घातला गेला. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या आडव्या पट्ट्यांनीं नटलेल्या भिंती, सिएनाच्या लोरेन्झो माइतानीनें ज्याची मांडणी केली तें दर्शनी अंग, आणि आंत लूका सिन्योरेल्लीनें १४९९ ते १५०४ या काळांत रंगविलेला अंतिम न्यायाचा देखावा, हें सारें पाहण्यास प्रवासी मुख्यतः येतात. पण ओर्व्हिएतोची खरी ओळख पटते ती शहराच्या पूर्व टोंकास, जुन्या किल्ल्यालगतच्या विहिरीपाशीं.

१५२७ च्या मे महिन्यांत सम्राट पांचव्या चार्लसच्या, पगार थकलेल्या सैन्यानें रोम लुटलें. पोप सातवा क्लेमेंट सान्त आन्जेलोच्या किल्ल्यांत अडकून पडला आणि डिसेंबरांत वेष पालटून ओर्व्हिएतोस पळून आला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे वकील १५२८ सालीं येथेंच त्याच्याकडे आले. राणी कॅथरीनशीं झालेला विवाह रद्द करून द्यावा, ही त्यांची मागणी. कॅथरीन पडली सम्राटाची मावशी! एकीकडे राजाचा आग्रह आणि दुसरीकडे सम्राटाची जरब, अशा कात्रींत तो पोप सांपडला होता.

कडा शत्रूस अडवील. पण वेढा पडला तर तहान कोण अडवील? या धास्तीनें क्लेमेंटनें विहीर खोदण्याची आज्ञा दिली आणि काम धाकट्या आन्तोनिओ दा सांगाल्लोकडे सोंपविलें. सुमारें ५३ मीटर खोल आणि १३ मीटर रुंद अशा या विहिरीभोंवतीं त्यानें दोन चक्राकार जिने बांधले. प्रत्येकास २४८ रुंद, उथळ पायऱ्या. त्यांवर उजेड पाडण्यासाठीं विहिरीच्या पोकळींत उघडणाऱ्या सुमारें ७० खिडक्या. रिकाम्या घागरी घेतलेलीं खेंचरें एका जिन्यानें उतरत, तळाशीं लहानसा पूल ओलांडीत, आणि भरल्या घागरींसह दुसऱ्या जिन्यानें वर येत. उतरणाऱ्याची व चढणाऱ्याची गांठ वाटेंत कधींच पडत नसे. जिने दोन, पण एकमेकांस न भेटणारे, एवढ्या एका कल्पनेनें सारी अडचण सुटली.

काम १५३७ सालीं पुरें झालें. तोंवर क्लेमेंटला मरून तीन वर्षें लोटलीं होतीं. ज्या वेढ्याच्या भयानें विहीर खोदली, तो त्याच्या हयातींत आलाच नाहीं. १५२८ च्या अखेरीपूर्वींच तो रोमला परतला होता. हेन्रीचा प्रश्न मात्र त्याला सुटला नाहीं, आणि पुढें इंग्लंड रोमच्या धर्मसत्तेपासून वेगळें झालें.

१८८८ सालीं खालच्या स्टेशनापासून शहरापर्यंत दोरानें ओढली जाणारी गाडी सुरू झाली. तीहि पाण्याच्याच वजनावर चालत असे! वरच्या डब्याच्या टाकींत पाणी भरलें कीं तो उतरे आणि खालच्यास वर खेंची. १९७० मध्यें बंद पडलेली ही गाडी १९९० पासून विजेवर धांवते. तिच्या वरच्या स्टेशनाजवळच विहीर आहे. निसर्गानें जें संरक्षण नाकारलें तें उद्यमानें पुरविलें, अशा अर्थाचा लॅटिन लेख तिच्यावर कोरलेला आहे. पोपच्या भयाचें कारण केव्हांच सरलें. सांगाल्लोच्या पायऱ्यांवरून माणसें अजून उतरतात, आणि समोरच्या खिडकींतून चढणाऱ्यांचे चेहरे पाहत तळाच्या पाण्यापर्यंत जातात.