निरांजन आणि केक

वाढदिवसाचा केक परका म्हणून नाकें मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्याची हकीकत इतकी सरळ वाटत नाहीं. नांदेड जिल्ह्यांतील लोह्यासारख्या गांवीं पूर्वीं वाढदिवस तिथीनें होई. मूल पाटावर बसे, औक्षण होई, गोडधोड शिजे. हैदराबाद संस्थानांत दप्तरीं फसली सन चाले. तें संस्थान १९४८ सालीं भारतांत विलीन झालें. केकला मात्र इंग्रजी तारीख लागते. शाळेंत मास्तरांनीं अंदाजानें १ जून लिहिला, म्हणून तोच वाढदिवस ठरला, अशीं माणसें आमच्याकडे गांवोगांव भेटतात!

केकवरील मेणबत्त्यांची चाल जर्मनीची, अठराव्या शतकांतील. अंड्याची अडचणहि केवळ आमची नव्हे. पत्नीस अंडें व यीस्ट सोसत नसे, म्हणून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यानें १८३७ मध्यें बिनअंड्याचें कस्टर्ड व १८४३ मध्यें बेकिंग पावडर काढली. त्याच पावडरीच्या व दह्याच्या बळावर आमच्या शाकाहारी घरांतील केक फुगतो. भट्टी नसली तरी अडत नाहीं. पातेल्यांत वाळू तापवून तीवर डबा ठेवतात.

नक्षीचें म्हणाल, तर लग्नांत रुखवत मांडणाऱ्या हातांस ती अवघड नव्हती. भाचीच्या केकवर तिचें नांव काढणारी मावशी त्याच परंपरेंतली.

खरी अडचण निराळी आहे. निरांजन विझूं द्यायचें नसतें, मेणबत्ती फुंकायची असते. म्हणून पुष्कळ घरीं आधीं औक्षण, मग केक. तबकांत ज्योत तेवत असतांनाच शेजारची मेणबत्ती फुंकली जाते, आणि आजीबाई तेवढ्यापुरतें दुसरीकडे पाहतात.