चुकून सुरू झालेला ‘इमर्जन्सी मोड’ बंद कसा करावा?

सातारा / सांगली, प्रतिनिधी - खिशातील मोबाईल बाहेर काढावा, तर पडदा काळा झालेला, नेहमीची चित्रे गायब आणि उरलेली चार-सहा बटणे. किंवा त्याहून धास्ती वाटावी असा प्रकार : मोबाईलमधून भोंग्यासारखा आवाज येतो आणि पडद्यावर पाच, चार, तीन असे आकडे उतरू लागतात. असा प्रसंग ओढवला की बहुतेक मोबाईलधारक फोन बंद करतात, बॅटरी काढू पाहतात किंवा थेट दुकानाची वाट धरतात. प्रत्यक्षात ही सोय बंद करणे मिनिटाभराचे काम आहे. मात्र ती बंद करताना घाईने फोन कापला, तर पोलिसांच्या नियंत्रण कक्षाला नाहक शोधाशोध करावी लागू शकते. म्हणून काय करावे आणि काय टाळावे, याची ही माहिती.

आधी ओळखा : सुरू झाले आहे ते काय?

‘इमर्जन्सी’ हा शब्द मोबाईलवर चार निरनिराळ्या ठिकाणी दिसतो आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

१) इमर्जन्सी मोड : बॅटरी वाचविण्यासाठी फोनची बहुतेक कामे थांबविणारी व्यवस्था. यात फोन आपणहून कोणालाही लागत नाही.

२) एसओएस : बाजूची कळ ठरावीक वेळा दाबताच ११२ या क्रमांकास फोन लावणारी आणि नातलगांना आपले ठिकाण कळविणारी व्यवस्था.

३) ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ : सिमकार्डाला स्वतःच्या कंपनीची रेंज मिळत नसल्याची ही केवळ सूचना. घाटात ती हमखास दिसते. येथे बंद करण्यासारखे काही नसते. रेंज आली की ती जाते.

४) इमर्जन्सी अलर्ट : मोठ्या आवाजासह येणारा सरकारी इशारा. २०२३ साली देशभर याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अनेकांना फोन बिघडल्याची शंका आली होती. संदेश वाचून ‘ओके’ म्हटले की तो दूर होतो.

इमर्जन्सी मोड बंद करताना

ही सोय प्रामुख्याने सॅमसंगच्या काही वर्षांपूर्वीच्या गॅलेक्सी हँडसेटमध्ये आढळते. ती सुरू झाली की पडदा काळा होतो, मोजकेच ॲप उरतात आणि पडदा मिटताच मोबाईल इंटरनेट थांबते. ती बंद करण्याचे दोन मार्ग आहेत.

- पॉवरची कळ दाबून धरावी. येणाऱ्या यादीतील ‘इमर्जन्सी मोड’ या पर्यायावर बोट ठेवावे आणि पुन्हा विचारणा झाल्यास होकार द्यावा.
- किंवा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांना स्पर्श करून ‘टर्न ऑफ इमर्जन्सी मोड’ निवडावे.

यानंतर जुना पडदा परतण्यास काही सेकंद लागतात. तेवढ्यात दुसरी बटणे दाबू नयेत. पडदा अडकूनच राहिला, तर आवाज कमी करण्याची कळ आणि पॉवरची कळ एकत्र सुमारे दहा सेकंद दाबून फोन पुन्हा सुरू करावा आणि वरील कृती पुन्हा करावी. अलीकडच्या हँडसेटमध्ये या नावाचा पर्याय दिसत नाही. त्याऐवजी ‘पॉवर सेव्हिंग’ची सोय असते आणि ती सेटिंगमधील बॅटरीच्या विभागातून बंद होते.

एक इशारा महत्त्वाचा. हा मोड घालविण्यासाठी फोन ‘फॅक्टरी रिसेट’ करण्याची मुळीच गरज नसते. तसे केल्यास फोनमधील छायाचित्रे, संदेश आणि इतर माहिती पुसली जाते. त्यामुळे दुकानदाराने तसे सुचविले, तरी आधी वरील दोन्ही मार्ग स्वतः करून पाहावेत.

एसओएस सुरू झाल्यास

अँड्रॉईड फोनवर पॉवरची कळ झटपट पाच वेळा दाबल्यास ही सोय सुरू होते. काही हँडसेटमध्ये तीन वेळा दाबणेही पुरते. फोन लागण्यापूर्वी बहुधा काही सेकंदांची उलटी मोजणी चालते आणि तेवढ्यात ‘कॅन्सल’ दाबले तर काहीच घडत नाही.

आयफोनवर बाजूची कळ आणि आवाजाची कळ एकत्र दाबून धरल्यास मोजणी सुरू होते. मोजणी संपण्यापूर्वी दोन्ही कळा सोडल्या की फोन लागत नाही. भारतात बाजूची कळ झटपट तीन वेळा दाबल्यानेही फोन लागू शकतो. अशा वेळी पडद्यावरील थांबविण्याचे बटण दाबून ‘स्टॉप कॉलिंग’ला होकार द्यावा. यानंतर आयफोन चेहरा किंवा बोटाचा ठसा न स्वीकारता पासकोड मागतो. तो बिघाड नसून सुरक्षेची रीत आहे.

साध्या कळफलकाच्या फोनमध्ये ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरल्यास आणीबाणीचा फोन लागतो. ज्येष्ठ नागरिकांच्या कमरेच्या पिशवीत असलेला फोन म्हणूनच ‘कीपॅड लॉक’ करून ठेवणे हिताचे.

फोन लागलाच तर कापू नका

११२ हा पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठीचा देशव्यापी एकच क्रमांक आहे. हिमाचल प्रदेशात २०१८ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि महाराष्ट्रात २०२१ पासून तो कार्यरत आहे. राज्यातील फोन मध्यवर्ती केंद्रात घेतले जातात आणि तेथून घटना त्या-त्या जिल्ह्याच्या पोलीस यंत्रणेकडे सोपविली जाते. साताऱ्यातून लागलेला फोन साताऱ्याच्या, तर सांगलीतून लागलेला सांगलीच्या पोलिसांकडे जातो.

फोन लागून काहीच न बोलता कापला गेला, तर पलीकडच्या कर्मचाऱ्यासमोर प्रश्न उभा राहतो : ही चूक आहे, की बोलता न येणारी व्यक्ती संकटात आहे? त्यामुळे दोन वाक्ये बोलावीत, ‘फोन चुकून लागला. मी सुरक्षित आहे, मदतीची गरज नाही.’ विचारल्यास नाव आणि ठिकाण सांगावे. फोन कापलाच गेला असेल, तर उलट येणारा फोन अवश्य उचलावा.

चुकून लागलेल्या फोनबद्दल शिक्षा होईल, ही भीती निराधार आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन यंत्रणेला कामाला लावणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. अनवधानाने बटण दाबले जाणे नव्हे.

यानंतर एक काम उरते आणि नेमके तेच विसरले जाते. एसओएसमुळे नातलगांना आपले ठिकाण कळविणारा संदेश गेलेला असू शकतो आणि ठिकाण पुढेही कळविले जात राहते. सूचनांच्या पट्टीतील ‘स्टॉप शेअरिंग’ निवडून ते थांबवावे आणि घरच्यांना स्वतः फोन करून खुलासा करावा. पुण्या-मुंबईत नोकरीस असलेल्या मुलाला गावाकडील आईच्या नावाने असा संदेश मिळाला, तर त्याची काय अवस्था होईल, हे सांगायला नको.

अशी चूक का होते?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये केलेल्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलला मदतीचे बटण असणे बंधनकारक झाले. भेदरलेल्या माणसालाही ते सहज दाबता यावे, हा हेतू होता. पण जे सहज दाबले जाते, ते चुकूनही दाबले जाते. घट्ट कव्हर, दुचाकीच्या हँडलवरील पकड, जीन्सचा तंग खिसा आणि लहान मुलांचे खेळ ही त्याची नेहमीची कारणे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात ९९९ या क्रमांकावर मूक फोनांचा पूर आला. तेथील पोलिसांनी त्याचा संबंध अँड्रॉईडमधील याच सोयीशी जोडला. उपाय म्हणून फोन न कापता बोलावे, असेच आवाहन तेथेही करण्यात आले.

सोय कायमची बंद करावी का?

शक्यतो नाही. सेटिंगमधील ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या विभागात जाऊन केवळ पद्धत बदलता येते. काही फोनमध्ये मोजणी आपोआप सुरू होण्याऐवजी पडद्यावर बोट दाबून धरण्याची अट घालता येते. आयफोनमध्ये सेटिंगमधील ‘इमर्जन्सी एसओएस’ येथे कळा दाबण्याचे पर्याय वेगवेगळे बंद करता येतात. एक बंद करून दुसरा चालू ठेवावा. दुचाकीची पकड कळांवर येणार नाही अशी बसवावी आणि मुलांच्या हाती फोन देण्यापूर्वी विचार करावा.

सातारा आणि सांगलीकरांना या सोयींचे मोल वेगळे सांगावे लागू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता, वीज नव्हती आणि बॅटरीचा प्रत्येक टक्का मोलाचा होता. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी बॅटरी जपणारा इमर्जन्सी मोड आणि एका कळीवर मदतीस लागणारा फोन हेच आधार ठरू शकतात.

पावसाळ्यापूर्वी घरातील प्रत्येक फोनवर ही सोय कशी सुरू होते आणि कशी थांबते, हे एकदा घरच्यांना दाखवावे. मात्र ११२ ला फोन लावून ‘चाचणी’ घेऊ नये; त्या क्षणी खऱ्या संकटातील कोणी तरी ती लाईन मिळण्याची वाट पाहत असू शकते.